चर्चगेटची हॉटेलं आणि आपले गोंयकार वादक

आमचे वडील 1950 च्या दशकात म्हापशाहून मुंबईला नोकरीसाठी गेले. पगार खोलीभाड्यात आणि खाणावळीत संपायचा. तरी शनिवारी संध्याकाळी ते चर्चगेटला जात आणि बड्या हॉटेलांबाहेर फुटपाथवर उभे राहून आतला बँड ऐकत. "आत शिरायची ऐपत नव्हती, पण वाजवणारे आपलेच," असं ते सांगत. ते वाजवणारे कोण, हे शोधायचा हा प्रयत्न.

चर्चगेटचा पट्टा तेव्हा शौकीन मंडळींचा. 1956 साली इथं गेलॉर्ड सुरू झालं. जवळच अ‍ॅस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, जिथं पुढं क्रिस पेरी आणि लोर्ना गाजले. कुलाब्याला 1903 पासूनचं ताज होतंच. या सगळ्या ठिकाणी सिनेमावाल्यांची ऊठबस असे, आणि बँडमध्ये गोंयकारांचा भरणा.

याला कारण होतं. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. कागदावरचं संगीत वाचून वाजवणारा माणूस हॉटेलाला हवा होता, तसा सिनेमालाही. म्हणून धोबीतलावच्या कुडांत राहणारे कित्येक जण दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवत.

हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत. सी. रामचंद्रांनी त्यांना हाताशी धरलं. 1951 च्या 'अलबेला'त तर ते बँडसकट पडद्यावरच दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. मुंबईत येऊन ते शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले. संगीतकाराला चाल सुचे. पण कुठं व्हायोलिनं उठायची, कुठं थांबायची, हे प्रत्येक वादकासाठी लिहून काढणं अरेंजरचं काम. त्याच जोडीचे दुसरे सहायक दत्ताराम वाडकर, तेही गोव्याचेच.

जयकिशन गेलॉर्डचे नेहमीचे गिऱ्हाईक. 1971 साली ते वारले, तेव्हा त्यांचं टेबल काही दिवस मेणबत्ती लावून राखून ठेवलं होतं, असं सांगतात. गोष्ट हृद्य आहे. पण मला प्रश्न पडतो तो वादकांचा. सेबॅस्टियन, दत्ताराम यांची नावं निदान सहायक म्हणून श्रेयनामावलीत लागली. मागं बसून वाजवणाऱ्या पन्नास जणांची बहुधा तीही नाहीत. त्यांच्यासाठी कोण टेबल राखणार?

वडिलांनी फुटपाथवरून ऐकलेल्या ट्रम्पेटवाल्याचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुमच्या घरी बँडचा जुना फोटो, स्वरलिपीचे कागद, हॉटेलचा करारपत्राचा तुकडा असेल, तर कृपया फेकू नका. फोटोमागं नाव आणि गाव तेवढं लिहून ठेवा. जाणती माणसं आहेत तोवरच हे जमेल.