मीठ, पाणी आणि वेळ : डायलिसिसमधल्या रक्तदाबाचा इतिहास

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण विलेम कोल्फ यांचं १९४३ सालचं फिरत्या पिंपाचं यंत्र पाहिलं. ते उपयोगी पडायचं ते काही दिवसांपुरत्या बंद पडलेल्या मूत्रपिंडांना. कायमच्या बिघाडावर वाट सापडली १९६० साली, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि पुन्हा पुन्हा डायलिसिस करता येऊ लागलं.

पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स. त्यांचा रक्तदाब भयंकर वाढलेला. त्या काळी दाबाची औषधं थोडी आणि त्यांचा त्रास फार. स्क्रिब्नर यांनी जेवणातलं मीठ तोडलं आणि डायलिसिसमध्ये अंगातलं जादा पाणी काढत नेलं. दाब आटोक्यात आला. शील्ड्स पुढे ११ वर्षं जगले.

यामागचं कारण काय? लघवीच होत नसेल तर खाल्लेलं मीठ अंगात राहतं, तहान लावतं, पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांतलं पाणी वाढलं की दाब चढतो. जादा पाणी निघून गेल्यावर उरतं ते ‘कोरडं वजन’.

मग हे मागे कसं पडलं? यंत्रं सुधारली. डायलिसिस पुरेसं झालं की नाही, हे रक्तातला युरिया किती उतरला यावर ठरू लागलं. आठ-दहा तासांचं काम चारवर आलं. पण पाणी युरियासारखं झटपट निघत नाही. घाई केली की दाब कोसळतो, पायात गोळे येतात, पाणी काढणं थांबवावं लागतं. मग उरलेला दाब गोळ्यांवर सोपवला जातो आणि त्या गोळ्यांमुळे पुढच्या वेळी दाब आणखी लवकर कोसळू शकतो.

फ्रान्समधल्या तासँ इथल्या केंद्रानं मात्र जुनी रीत सोडली नाही : आठ तास, आठवड्यातून तीनदा, बेताचं मीठ. डॉ. बर्नार शारा आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तिथला अनुभव मांडला, तेव्हा बहुतेक रुग्णांना दाबाची गोळी लागतच नव्हती. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत १५० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांचं वजन पाणी काढून साधारण १ किलोनं उतरवलं, त्यांचा वरचा दाब इतरांपेक्षा जवळजवळ ७ अंकांनी जास्त उतरला.

गोळ्या नकोत, असं यातून निघत नाही, बरं का. पुष्कळांना त्या लागतातच. पण आधी मीठ आणि पाणी, मग गोळी, हा क्रम आहे. आपल्याकडे खर्चापायी आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेणारे कितीतरी आहेत. मधले दिवस जितके जास्त, तितकं पाणी जास्त साठतं. म्हणून डायलिसिसचा तास कमी करून मागण्याआधी आणि ताटात पापड-लोणचं वाढून घेण्याआधी सिअ‍ॅटलची ही गोष्ट आपण आठवायला हवी.