बिऱ्हाड हलवायचं, तर कुणाला विचारून?

हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज आम्ही तुम्हाला इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहोत. पण तिची सुरुवात आमच्या बचत गटाच्या बैठकीतून झाली, म्हणून आधी ते सांगतो.

मागच्या महिन्यात हप्ते गोळा करून झाले, वहीवर सह्या झाल्या, तरी एक मावशी उठेनात. त्यांचा मुलगा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये आहे. त्याला इकडे पलूसला काम मिळतंय. पगार थोडा कमी, पण खोलीभाडं कमी, आईवडील जवळ. मुलगा म्हणतो, येतो. सून मात्र गप्प आहे. ती तिथे कपड्यांच्या कारखान्यात काम करते, तिचा स्वतःचा पगार आहे, मुलगी चौथीत आहे. मावशींनी आम्हाला विचारलं, "मी तिला काय सांगू? ये म्हणू की नको म्हणू?"

आम्ही चौदाजणी. कुणी म्हणालं, गावाकडे सुख आहे. कुणी म्हणालं, शहर सोडू नये, एकदा सोडलं की परत जाता येत नाही. तासभर बोललो, पण काही ठरेना. मग आमच्या लक्षात आलं, की शहर सोडून माळावरच्या लहान गावी बिऱ्हाड न्यायचं की नाही, हा प्रश्न आपल्या भागात आधीही पडलेला आहे. तोही पलूसच्या अगदी शेजारी, किर्लोस्करवाडीत. रेल्वेनं मिरजेहून पुण्याला जाताना हे स्टेशन आपण कितीदा पाहिलंय! पण तिथे माणसं कशी आली, हे आपल्यातल्या फारच थोड्याजणींना माहीत होतं.

तर ऐका.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा. तरुणपणी ते मुंबईला गेले चित्रकला शिकायला. पण त्यांना रंग नीट ओळखू येत नव्हते, म्हणून चित्रकला सुटली आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पगाराची, मानाची नोकरी होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, मुंबई सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे थोरले भाऊ रामुअण्णांच्या साथीनं सायकलींचं दुकान होतं. दुकानाबरोबर लहानसा कारखाना सुरू झाला. कडबा कापायचं यंत्र निघालं आणि मग लोखंडी नांगर.

हा नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. नवी वस्तू असो की नवी जागा, माणूस लगेच विश्वास ठेवत नाही. आणि ते चुकीचंही नाही. ज्याचं पोट जमिनीवर आहे, तो तपासूनच पाऊल टाकणार.

कारखान्याचा जम बसत होता, तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला शहर वाढवण्यासाठी ती जागा हवी झाली. कारखाना हलवणं भाग पडलं. जायचं कुठे? बेळगाव म्हणजे तेव्हा लष्करी छावणीचं मोठं शहर. बाजार, शाळा, डॉक्टर सगळं हाताशी. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन देऊ केली आणि भांडवलालाही हात दिला.

जमीन मिळाली, पण कशी? उजाड माळ. जिकडे तिकडे निवडुंग आणि निवडुंगात नाग. 1910 साली लक्ष्मणराव तिथे पोचले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे मोठे उद्योगपती झाल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, तेव्हा पुस्तकाच्या नावातच निवडुंग आणि गुलाब दोन्ही घातले. लहानपणी पाहिलेला निवडुंग माणूस विसरत नाही.

आता आमचं बोट ज्या ओळीवर थांबलं, ती सांगतो. किर्लोस्करवाडीची गोष्ट जिथे जिथे सांगतात, तिथे एक वाक्य असतं : लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह माळावर आले.

'आणि त्यांच्या कुटुंबांसह.' मैत्रिणींनो, या तीन शब्दांत आपण आहोत. पंचवीस कामगार मोजले, कुटुंबं मोजली नाहीत. यंत्रं बेळगावहून रेल्वेनं आली, लोखंड आलं, नांगराचे फाळ आले. त्यांच्याबरोबर चुली आल्या, पाळणे आले, पाटा-वरवंटा आला. माळ साफ करून वस्ती उभी राहिली, म्हणजे आधी पाणी कुठून आणायचं हे कुणीतरी ठरवलं असणार. रात्री निवडुंगातून सळसळ ऐकू आली की पोरांना छातीशी धरून कुणीतरी जागं राहिलं असणार. गावात बिऱ्हाड मांडण्याचं काम काय असतं, हे आपल्याला पुस्तकात वाचावं लागत नाही.

आम्ही लक्ष्मणरावांना कमी लेखत नाही. उलट, त्यांनी त्या माळाचं जे केलं ते मोठं आहे. कारखान्याभोवती घरं झाली, शाळा झाली, दवाखाना झाला. वस्तीत शिवाशिव चालू द्यायची नाही, असं त्यांनी त्या काळी ठरवलं. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर विश्वास टाकून त्यांना पहाऱ्यावर ठेवलं. कुंडल रोड स्टेशनचं नावसुद्धा बदलून किर्लोस्करवाडी झालं. जो लोखंडी नांगर कुणी घेत नव्हतं, तो शेतोशेती गेला. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो ओढलेला आहे.

आणि एक गोष्ट तर आपल्या अभिमानाची. 1920 मध्ये या माळावरून 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक निघू लागलं. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' झालं. 1930 मध्ये तिथूनच 'स्त्री' मासिक सुरू झालं. बायकांच्या प्रश्नांवर बोलणारं मासिक निघालं ते नांगराच्या कारखान्याशेजारच्या छापखान्यातून! संपादक शंकरराव किर्लोस्कर. पुढे ते पुण्याला गेलं, विद्या बाळ त्याच्या संपादक झाल्या, आणि नंतर 1989 मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. म्हणजे 'कुटुंबं' या एका शब्दात ज्यांना गुंडाळलं होतं, त्यांच्या प्रश्नांना त्याच माळावर वीस वर्षांनी छापील पानं मिळाली.

ही गोष्ट बैठकीत सांगून झाली, तेव्हा आम्हाला वाटलं मावशी म्हणतील, "मग येऊ दे सुनेला." पण मावशींनी दुसरीच गोष्ट काढली. स्वतःची. इतकी वर्षं एका सतरंजीवर बसतो आम्ही, पण ती आम्ही कधी ऐकली नव्हती.

त्यासाठी तुम्हाला 1982 सालात यावं लागेल. त्या वर्षी 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप महिन्यांमागून महिने चालला. रीतसर मागे असा तो कधी घेतलाच गेला नाही. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर, जिकडून माणसं गिरणीत गेली होती, तिकडे ती परत येऊ लागली.

मावशींचे मालक त्यांपैकी एक. मावशी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांच्या. लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत त्या सहा गडीमाणसांची खाणावळ चालवायच्या. गिरणगावात अशा खाणावळवाल्या घरोघरी होत्या. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. पुढे गिरणीतल्या बायका कमी कमी होत गेल्या, आणि कितीतरी घरं डब्यांवर, खाणावळीवर चालू लागली. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या थोरल्या बहिणीच म्हणा ना त्यांना!

मावशी म्हणाल्या, "संपात सहाही गडी बिनपैशाचे जेवत होते. उधारी वाढत होती, तरी चूल पेटत होती. एक दिवस मालक आले आणि म्हणाले, गाडीची तिकिटं काढलीत. मी परात, पातेली, मोठा तवा विकून वाण्याची उधारी दिली. एक ट्रंक घेऊन गावी आलो. मला कुणी विचारलं नाही. इथे आल्यावर सासूबाई म्हणाल्या, आलात ते बरं झालं, भांगलायला माणूस नव्हतं."

बैठकीत कुणीच काही बोललं नाही. मग मावशीच म्हणाल्या, "गाव वाईट नव्हतं. पण माझ्या हातचा पैसा गेला तो गटात येईपर्यंत परत दिसला नाही."

मैत्रिणींनो, 1910 च्या आणि 1983 च्या गोष्टीत फरक आहे. एका वेळी माणसं काही उभारायला आली, दुसऱ्या वेळी सगळं मोडल्यावर आली. 2020 च्या टाळेबंदीत आपल्या गावात जी माणसं चालत, ट्रकातून आली, तीही अशीच मोडून आलेली. पण तिन्ही वेळी एक गोष्ट सारखी : बाईला विचारणं कुणाच्या यादीत नव्हतं. इतिहास वाचून आम्हाला शहर चांगलं की गाव चांगलं, याचं उत्तर मिळालं नाही. आम्हाला कळलं ते इतकंच, की ही दुनिया कुणासाठी चांगली निघेल हे जागेइतकंच, येणाऱ्या बाईच्या हातात काय शिल्लक राहतं यावर ठरतं.

म्हणून आम्ही मावशींच्या सुनेला ये किंवा नको असं काहीच सांगितलं नाही. पाच प्रश्न लिहून पाठवले, उत्तरं तिनंच शोधायची.

पहिला : पाणी. नळाला किती दिवसांनी येतं, उन्हाळ्यात काय होतं, हे मार्चमध्ये येऊन बघायचं. श्रावणात सगळीच गावं हिरवी दिसतात.

दुसरा : दवाखाना. रात्री दोन वाजता पोरीला ताप भरला तर कुठे जायचं, आणि जायला वाहन कोणतं?

तिसरा : शाळा. चौथीनंतर कुठे, दहावीनंतर कुठे, आणि पोरगी एकटी एसटीनं जाऊ शकेल का?

चौथा : तिची स्वतःची कमाई. भोसरीचा पगार सुटला तर इथे शिलाईचं काम मिळेल का, किती, वर्षातले किती महिने? शेतात भांगलायला माणूस मिळालं, हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

पाचवा : कागद. भाड्याची खोली घेतली तर करारावर तिचंही नाव हवं. उद्या घर बांधलं तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये ते नवरा-बायको दोघांच्या नावे लावता येतं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात 7/12 वर घरच्या लक्ष्मीचं नाव लावायला लावलं, तेही याच भागातल्या कितीतरी बायकांना आठवत असेल. नाव कागदावर असलं की माणूस मोजला जातो. नसलं, की तो 'आणि कुटुंब' होतो.

सून परवा येऊन गेली. एकटीच आली होती, आठ दिवसांची रजा काढून. पलूसच्या बाजारात फिरली, दोन शाळा पाहिल्या, सरकारी दवाखान्यात जाऊन बसली, शिलाईचं काम देणाऱ्या दोघांना भेटली. त्यातल्या एकानं सांगितलेला दर तिला पटला नाही. जाताना म्हणाली, "आत्या, मुलीची परीक्षा होऊ दे. मेमध्ये सांगते." घरी गेल्यावर तिनं नवऱ्यापुढेही तेच पाच प्रश्न ठेवले म्हणे. त्याला तिसऱ्याचं आणि चौथ्याचं उत्तर देता आलं नाही. आता तोही चौकशी करतोय.

मावशींना आम्ही विचारलं, "नाही आली तर वाईट वाटेल?" त्या म्हणाल्या, "वाटेल की. नात डोळ्यांसमोर हवी असं कुणाला वाटत नाही? पण तिनं स्वतः ठरवलं म्हणून नाही आली, तर मी सहन करीन."

तुमच्या गटातही अशी कुणीतरी असेल. कुणाचं बिऱ्हाड शहरातून यायचं असेल, कुणाचं शहरात जायचं असेल. पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर अर्धा तास काढा आणि हे पाच प्रश्न मोठ्यानं वाचा. आणि गटातल्या वयस्कर बाईला एकदा विचारा, तुम्ही या गावात कशा आलात, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का? तिची गोष्ट वहीत लिहून ठेवा. तिचा इतिहास लिहायला दुसरं कुणी येणार नाही.