जुन्या लाकडाचा करंडा: झाकण नीट बसतं, ते कशामुळे?

श्रीरामपूर परिसरात वादळात पडलेली बाभूळ किंवा पाडलेल्या घराची सागवानी तुळई सरपणात जाऊ शकते. पण त्याच लाकडातून लेथवर झाकणाचा करंडाही कातता येतो.

अडचण ओलाव्याची असते. सुकताना लाकूड वलयांच्या कडेने जास्त आकसतं. गाभ्यापासून सालीकडच्या दिशेला हे आकसणं साधारण निम्मंच असतं. त्यामुळे गोल करंडा अंडाकृती होतो आणि झाकण अडकतं. म्हणून ओलं लाकूड आधी जाडसर कातून काही महिने सावलीत सुकवतात; अंतिम माप नंतर देतात.

जुनी तुळई बहुधा सुकलेली असते. मात्र आत राहिलेला खिळा हत्याराची धार घालवतो, म्हणून कातण्याआधी तिच्यावर लोहचुंबक फिरवून पाहावं.