स्तूप, प्रतिमा आणि देव : आपल्या लेण्यांची साक्ष

ईश्वराची प्रतिमा करू नये, असे सांगणारे धर्म जगात अनेक आहेत. यहुदी परंपरेतील दहा आज्ञांमध्ये कोरीव प्रतिमेचा निषेध आहे. इस्लामने तो निषेध अधिक कठोरपणे पाळला. इ.स.च्या ८ व्या शतकात बायझंटाइन साम्राज्यातील ख्रिस्ती लोकांत प्रतिमा फोडणारे आणि प्रतिमा जपणारे असे दोन पक्ष पडले. या सर्वांच्या मुळाशी असलेले कारण बहुतांशी एकच आहे. जो अनंत आहे त्याला आकारात कोंडणे म्हणजे त्याला उणेपणा आणणे होय. बौद्धांना हे कारण लागू पडत नाही, कारण धम्मात जगाचा कर्ता असा ईश्वरच मानलेला नाही. असे असूनही इसवी सनापूर्वीच्या शतकांत बौद्धांनी तथागतांची मानवाकृती कोरली नाही आणि पुढे कोरू लागले तेव्हा मुक्तहस्ताने कोरली. हे का घडले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे पाहण्यासाठी आपणांस फार दूर जावयास नको. औरंगाबाद, वेरूळ, अजिंठा आणि पितळखोरे या चारही ठिकाणांच्या लेण्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच आहेत.

प्रथम पाली वाङ्मयाकडे वळू. दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण ब्राह्मण ब्रह्मसायुज्याचा खरा मार्ग कोणता, हा वाद घेऊन तथागतांकडे येतात. तथागत त्यांना विचारतात, तुमच्यापैकी, तुमच्या आचार्यांपैकी, त्यांच्या आचार्यांच्या सात पिढ्यांपैकी कोणी ब्रह्मदेवाला समक्ष पाहिले आहे काय? उत्तर नकारार्थी येते. मग तथागत एका पुरुषाचा दृष्टान्त देतात. तो एका जनपदकल्याणीवर अनुरक्त आहे, पण तिचे नाव, कुळ, वर्ण, उंची, गाव यांतले काहीच त्याला ठाऊक नाही. आमच्या मते देवप्रतिमेच्या प्रश्नावर याहून मार्मिक दृष्टान्त सापडणे कठीण आहे. न पाहिलेल्याचे चित्र काढणारा मनुष्य स्वतःच्या इच्छेचेच चित्र काढीत असतो. देवाच्या हाती शस्त्र द्यायचे की वर, त्याला किती मुखे असावीत, त्याने कोणाला जवळ करावे आणि कोणाला देवळाबाहेर ठेवावे, हे सर्व मूर्ती घडविणारा आणि घडवून घेणारा ठरवितो. ज्यांचे पूर्वज शतकानुशतके त्या देवळांच्या बाहेर उभे राहिले, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

परंतु तथागतांची गोष्ट निराळी होती. त्यांना लोकांनी पाहिले होते. पंचेचाळीस वर्षे ते गावोगाव हिंडले, आजारी पडले, वृद्ध झाले. अशा पुरुषाची प्रतिमा करण्यास कोणती हरकत असावी? पाली विनयात बुद्धप्रतिमेस स्पष्ट बंदी घालणारा नियम नाही. सर्वास्तिवादी विनयात मात्र, बुद्धशरीराची प्रतिमा करणे योग्य नसल्यामुळे अनाथपिंडिक बोधिसत्त्वाची प्रतिमा करण्याची अनुज्ञा मागतो, असा प्रसंग आला आहे. पाली परंपरेतील या विषयावरचे सर्वांत महत्त्वाचे वचन कालिंगबोधि जातकाच्या प्रास्ताविक कथेत येते. तथागत चारिकेला गेले की जेतवनात फुले घेऊन येणारे लोक गंधकुटीच्या दारात ती ठेवून खिन्न मनाने परतत. अनाथपिंडिकाने ही गोष्ट आनंदाच्या कानी घातली आणि आनंदाने चेतिये किती प्रकारची असतात, असे तथागतांना विचारले. उत्तर मिळाले, तीन प्रकारची : अस्थिधातूंचे सारीरिक, वापरातील वस्तूंचे पारिभोगिक आणि केवळ उद्देशून केलेले उद्देसिक. त्यातील सारीरिक चेतिय परिनिर्वाणानंतरच होऊ शकते. उद्देसिकाला वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनाने मानलेले असते. बोधिवृक्ष मात्र तथागतांच्या हयातीत आणि नंतरही चेतियच. त्यानुसार मोग्गल्लानाने बोधगयेहून बोधिवृक्षाचे फळ आणले आणि ते जेतवनाच्या द्वाराशी लावण्यात आले.

पुढे बुद्धप्रतिमेची गणना या तिसऱ्या, म्हणजे उद्देसिक वर्गातच झाली. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. जातकट्ठकथेचे आजचे रूप सामान्यतः इ.स.च्या ५ व्या शतकाच्या सुमाराचे मानतात. त्या काळी सिंहलद्वीपात बुद्धमूर्ती नव्हत्या असे नाही. चिनी यात्रेकरू फाहियान याने त्या शतकाच्या आरंभी अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात बुद्धाची पाचूसारख्या हिरव्या रत्नाची मूर्ती पाहिली होती. म्हणजे मूर्ती डोळ्यांसमोर असताना अट्ठकथाकाराने हे मत जतन केले. मूर्ती फोडा असे त्याने म्हटले नाही. तिला आधार केवळ मनाचा आहे, एवढे मात्र त्याने नोंदवून ठेवले.

याच भूमिकेचे मूळ संयुत्तनिकायातील वक्कली सुत्तात आहे. राजगृहात एका कुंभाराच्या घरी आजारी पडलेल्या भिक्खू वक्कलीला एकच खंत होती, की तथागतांच्या दर्शनास जाण्याइतके बळ अंगी उरले नाही. तथागत स्वतः त्याच्याकडे गेले आणि या नाशिवंत देहाच्या दर्शनात काय आहे, धम्म पाहणे हेच मला पाहणे होय, या आशयाचे बोलले. जिवंत देहाच्या दर्शनाविषयी ज्यांनी असे सांगितले, त्यांच्या शिष्यांना पाषाणातील देह कोरण्याची घाई का नव्हती, हे यावरून समजू शकते.

आता लेण्यांकडे येऊ. अजिंठ्याचे क्रमांक १० चे चैत्यगृह इसवी सनापूर्वीचे आहे. दर्शनी भागाचे दान वासिठीपुत कटहादी याने दिल्याचा लेख त्यावर आहे. आत स्तूप आहे, मूर्ती नाही. डाव्या भिंतीवरील प्राचीन चित्रात एक राजा परिवारासह बोधिवृक्षाच्या पूजेला आलेला दिसतो. राजा, स्त्रिया, वादक या सर्वांचे देह चित्रकाराने आवडीने रंगविले, पण वृक्षाखाली कोणी बसलेले नाही. भारहूत आणि सांची येथेही हेच आहे : रिकामे आसन, पदचिन्हे, चक्र, वृक्ष. औरंगाबाद लेण्यांतील क्रमांक ४ चे भग्न चैत्यगृह याच परंपरेतले आहे.

त्या काळच्या कारागिरांना मानवाकृती साधत नव्हती म्हणून ते चिन्हांवर थांबले, असे कोणी म्हणेल. त्याला पितळखोऱ्याचे उत्तर आहे. तेथे सापडलेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मस्तकावर पात्र धरलेल्या त्या ठेंगण्या यक्षाच्या चेहऱ्यावरचे हसू दोन हजार वर्षांनंतरही ताजे वाटते. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असा लेख तिच्याच हातावर आहे. पैठणच्या गंधिक मित्रदेवाने दान दिलेले स्तंभ याच स्थळी आहेत. दाते होते, धन होते, कौशल्य होते. यक्ष कोरला गेला, द्वारपाल कोरले गेले, हत्ती कोरले गेले. बुद्ध मात्र कोरला गेला नाही. हा अभाव हेतुपुरस्सर आहे, यात आम्हांस संशय वाटत नाही.

विद्वानांत याविषयी मतभेद आहेत हे सांगितले पाहिजे. बुद्धमूर्ती ही ग्रीक प्रभावातून गांधारात जन्मली असे फूशे यांचे मत होते. आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ साली मथुरेच्या यक्षमूर्तींकडे बोट दाखवून तिचे देशी मूळ प्रतिपादिले. सुसान हंटिंग्टन यांनी १९९० साली तर मूर्तिनिषेधाची कल्पनाच अमान्य केली. रिकामे आसन हे बुद्धाचे प्रतीक नसून, तीर्थस्थळी जमलेल्या उपासकांचेच ते दृश्य आहे, असे त्या म्हणतात. काही शिल्पपटांपुरते त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण त्यामुळे आमच्या मुद्द्याला बाध येत नाही, उलट बळच मिळते. उपासकांना स्वतःची उपासना चित्रित करावीशी वाटली आणि तिच्या केंद्रस्थानी त्यांनी वृक्ष ठेवला.

याच भूमीत तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या अनुयायांनी काहीसा असाच मार्ग धरला. महानुभाव पंथीय इतर देवदेवतांच्या मूर्ती पूजीत नाहीत. चक्रधर जेथे बसले, राहिले, तेथे ओटे बांधून त्या स्थानांना ते वंदन करतात आणि त्यांच्या स्पर्शाच्या वस्तू जपतात. पाली परिभाषेत ही पारिभोगिक चेतियेच म्हणावी लागतील. दोन्ही पंथांचे तत्त्वज्ञान अगदी भिन्न आहे. तरी पैठणच्या परिसरात ही वृत्ती हजार-बाराशे वर्षांनी पुन्हा उगवावी, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

इ.स.च्या ५ व्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, अजिंठ्याला कामाचा दुसरा बहर आला. क्रमांक १९ आणि २६ च्या चैत्यगृहांत स्तूप आहे, पण आता स्तूपाच्या पुढच्या अंगातून बुद्ध प्रकट होतो. १९ मध्ये तो उभा आहे, २६ मध्ये पाय सोडून बसलेला. जुन्या ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतील खांबांवरही याच काळात बुद्ध रंगविले गेले. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर जुनी वेदिकापट्टी छाटून मूर्तींना जागा केलेली आहे. नवी श्रद्धा जुन्या दगडावर कशी लिहिली गेली, ते तेथे स्पष्ट वाचता येते.

औरंगाबाद लेण्यांत हे संक्रमण आणखी जवळून दिसते. क्रमांक ३ च्या गर्भगृहात आसनस्थ बुद्धासमोर पुरुषभर उंचीचे उपासक-उपासिका दोन्ही बाजूंना गुडघे टेकून हात जोडून बसले आहेत. प्रत्येकाचा चेहरा, केशरचना, अलंकार निराळे. भारतातील शिल्पांत असा समुदाय क्वचितच आढळतो. येथे बुद्ध अद्याप शास्ता आहे आणि हे लोक श्रोते आहेत, असे आम्हांस वाटते. क्रमांक ७ मध्ये आलो की वातावरण पालटते. गर्भगृहाभोवती प्रदक्षिणामार्ग आहे, लेण्याचा आराखडा देवळाचा झाला आहे. आत तारेसमवेत नृत्यवादनाचा प्रसिद्ध पट आहे. बाहेरच्या भिंतीवर अवलोकितेश्वर उभा असून त्याच्या दोन्ही बाजूंना आठ महाभयांची दृश्ये आहेत : आग, चोर, बेडी, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, हत्ती आणि मृत्यू. संकटात सापडलेला प्रत्येक जण त्याचा धावा करीत आहे.

या शिल्पाकडे तुच्छतेने पाहण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. व्यापारी मार्गावरच्या माणसांची ती खरी भये होती. पण संयुत्तनिकायातील धजग्ग सुत्त याच्या शेजारी ठेवून वाचावे. देवांचा राजा सक्क आपल्या सैन्याला भय वाटल्यास माझ्या ध्वजाकडे पाहा असे सांगतो. तथागत भिक्खूंना सांगतात, अरण्यात भय वाटले तर बुद्ध, धम्म, संघ यांच्या गुणांचे अनुस्मरण करा. अनुस्मरणाने स्मरणाऱ्याचेच चित्त स्थिर होते. धावा ऐकण्यासाठी मात्र कोणी तरी लागतो, आणि असा ऐकणारा मानला की तो देव झाला. क्रमांक ३ पासून क्रमांक ७ पर्यंत चालायला काही मिनिटे पुरतात. धम्माच्या इतिहासात मात्र तो फार मोठा पल्ला आहे.

भिक्खुसंघ या डोंगरांतून नाहीसा झाल्यावर काय घडले, हे सर्वश्रुत आहे. वेरूळच्या १० व्या लेण्यातील बुद्धाला सुतार मंडळी विश्वकर्मा म्हणून पूजू लागली आणि लेण्याचे नावही तेच पडले. लेण्याद्रीच्या विहारात गिरिजात्मज गणपती आला. त्रिरश्मीच्या लेण्या पांडवांच्या झाल्या. मूर्ती नसती तर हे टळले असते काय? खेदाने म्हणावे लागते, नाही. त्याच त्रिरश्मीवर, नहपानाच्या जावयाने दान दिलेल्या क्रमांक १० च्या विहारात, मागच्या भिंतीवर स्तूप कोरलेला होता. तो छाटून त्याचा भैरव करण्यात आला. धम्म सांगणारा कोणी उरला नाही, तेथे आकार आणि निराकार दोहोंची गत एकच झाली. म्हणूनच मार्च २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती स्फोटकांनी उडविल्या गेल्या, त्या कृत्याचा मूर्तिविषयक विवेकाशी काही संबंध नाही. स्वतःच्या मनातील याचकवृत्ती ओळखणे हा विवेक आहे. दुसऱ्याची स्मृती पुसणे हा निव्वळ विध्वंस आहे.

प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्यांना मूर्ती वर्ज्य नव्हती. पण दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांना नकार आहे, बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे याचाही उच्चार आहे. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे त्यांनी आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले. आज आपल्या विहारांत तथागतांच्या शेजारी बाबासाहेबांची प्रतिमा असते. त्या दोघांपुढे नवस बोलला जाऊ लागला आहे काय, हे प्रत्येक विहाराच्या उपासकांनी स्वतःच तपासावे. आम्ही जे ऐकतो त्यावरून आम्हांस चिंता वाटते.

बाबासाहेबांनी १९५० साली येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले, परिसराला नागसेनवन म्हटले. लेण्यांचा डोंगर तेथून जवळच आहे. मिलिंदपञ्हात राजा विचारतो, परिनिर्वाण पावलेला बुद्ध पूजा स्वीकारीत नसेल तर ती पूजा निष्फळ नाही काय? नागसेन त्याला विझलेल्या महाअग्नीची उपमा देतात. तो अग्नी आता लाकूड मागत नाही, स्वीकारीतही नाही. ज्याला अग्नी हवा आहे तो स्वतःच्या बळाने अरणी घासतो, अग्नी उत्पन्न करतो आणि आपले काम करून घेतो.