वाचून दाखवणारा आवाज

दिल्लीहून फरीदाबादमार्गे बल्लभगडला जाणाऱ्या व्हायलेट लाइनवर शेवटून दुसरे स्टेशन लागते, त्याचे नाव 'संत सूरदास'. शेजारचे सिही गाव हे सूरदासांचे जन्मगाव, असे इथली परंपरा मानते. काहीजण तो मान आग्र्याजवळच्या रुनकत्याला देतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये मेट्रो इथवर आली, आणि एका अंध कवीचे नाव दिवसातून शेकडो वेळा ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाऊ लागले. माझ्या वडिलांना ही घोषणा आवडते. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. डब्यात बसल्यावर ते स्टेशने मोजत नाहीत, ऐकतात. "सूरदास आले, आता उठायचं," म्हणतात.

बाबा अचलपूरचे, शाळेत मराठी शिकवत. आई गेल्यावर ते आमच्याकडे फरीदाबादला आले, तेव्हा त्यांना मोठ्या अक्षरांतले दिसत होते. म्हणून ई-रीडर घेतला. अक्षर बोटाने वाढवता येते, हे त्यांना फार पसंत पडले. पण दीड वर्षात एका पडद्यावर चार शब्द मावतील इतके अक्षर वाढवावे लागले, आणि मग तेही दिसेना. तेव्हापासून रात्री जेवणानंतर मी त्यांना वाचून दाखवू लागले.

बाबांच्या दृष्टीने यात नवे काहीच नव्हते. विदर्भातल्या माणसाला गुलाबराव महाराजांची गोष्ट सांगावी लागत नाही. १८८१ साली जन्मलेल्या आणि तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या माणसाने लोकांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि लोकांकडूनच आपले ग्रंथ लिहवून घेतले. १९१५ साली ते गेले, तेव्हा जेमतेम चौतीस वर्षांचे होते, आणि मागे शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना होत्या. चातुर्मासात एकाने पोथी लावायची आणि आळीने ऐकायची, हीसुद्धा आपल्याकडची जुनी रीत. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाचीच आहे. ऐकणे म्हणजे उणे वाचन, असे आपल्या परंपरेने कधी म्हटले नाही.

पण त्या परंपरेत ऐकणाऱ्याला वाचणाऱ्याची वाट पाहावी लागते. हे मला एका रात्री कळले. दिवसभर काम करून मी दमले होते, आणि कादंबरीतले एक लांबलचक वर्णन मी गुपचूप गाळले. दोन पाने पुढे गेल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "मधे नदीचं काहीतरी होतं. मी हे पुस्तक अकरा वर्षं शिकवलंय." मला उत्तर सुचले नाही. त्याआधी कितीदा गाळले होते, तेही मी सांगितले नाही.

त्या आठवड्यात मी ई-रीडरवरचा, आणि मग फोनवरचा, वाचून दाखवणारा आवाज शोधायला बसले. भाषांतरकाराच्या सवयीने त्याचा इतिहासही वाचत गेले.

या आवाजाला लांबचा भूतकाळ आहे. १९३४-३५ च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अंधांसाठी 'बोलती पुस्तके' ध्वनिमुद्रिकांवर निघू लागली. वाचणारा मात्र माणूसच होता, त्यामुळे जे कोणी आधी वाचून ठेवले असेल, तेवढेच ऐकता येई. १९७६ साली रे कर्झवाइल यांनी छापील पान स्वतः ओळखून मोठ्याने वाचणारे यंत्र लोकांपुढे आणले. ते कपडे धुण्याच्या यंत्राएवढे होते आणि त्याची किंमत हजारो डॉलरांत होती; पण आधी कोणीही न वाचलेले पान अंध माणसाला आता ऐकता येत होते. पुढे हे काम संगणकात आणि संगणकातून खिशात आले. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी 'एनव्हीडीए' हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहायला घेतला आणि तो फुकट वाटला. भारतातल्या हजारो रुपयांचा परवाना न परवडणाऱ्या वाचकाला याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

मग आले २००९ साल. फेब्रुवारीत ॲमेझॉनने किंडलची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात कुठलेही पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय होती. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, हरकत घेतली: ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे विकले जातात, मग यंत्राने वाचणे हा त्या हक्कांवर घाला नाही का? महिना संपायच्या आत ॲमेझॉन नमले आणि कुठले पुस्तक बोलू द्यायचे हे प्रकाशकांनी ठरवावे, असे जाहीर केले. एप्रिलमध्ये अंध आणि वाचन-अक्षम वाचकांनी न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या कचेरीसमोर निदर्शने केली. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही पुस्तक विकत घेतो आहोत, मग ते आमच्यापुरते मुके का?

त्यात आणखी एक विसंगती होती. हे यंत्र पुस्तक बोलून दाखवी, पण त्याचे मेनू बोलत नसत. पुस्तक उघडायला डोळस माणूस लागे. विद्यापीठांनी पाठ्यपुस्तकांऐवजी किंडल द्यायचे ठरवले, तेव्हा अंधांच्या संघटना ॲरिझोना स्टेट विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षीच्या नव्या किंडलमध्ये मेनू बोलू लागले. आणि २०१२ साली आलेल्या पेपरव्हाइटमध्ये ध्वनीच नव्हता. कोणीही अंध वाचकाचे काही हिरावून घ्यायला निघाले नव्हते. पातळ आणि स्वस्त यंत्र बनवताना तो वाचक फक्त कोणाच्या लक्षात राहिला नव्हता.

मी स्वतः लेखकांच्या बाजूची आहे. भाषांतराच्या मानधनाचे हाल मला ठाऊक आहेत. तरीही २००९ चा तो वाद वाचताना मला नदीचे ते गाळलेले वर्णन आठवत राहिले. पुस्तकातले काय ऐकू द्यायचे आणि काय नाही, हे वाचकाऐवजी दुसऱ्या कोणी ठरवायचे, हेच तर मी केले होते.

भारतात हा प्रश्न कायद्याने बऱ्यापैकी सोडवला आहे, आणि याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने, अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात कुठलीही कृती नफा न घेता उपलब्ध करून द्यायला लेखक-प्रकाशकाच्या परवानगीची गरज ठेवली नाही. ही मुभा संस्थांना आहे, तशीच तुम्हाआम्हालाही आहे. जून २०१३ मध्ये माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. ऑगस्ट २०१६ मध्ये डेझी फोरम ऑफ इंडिया आणि केंद्र सरकार यांच्या सहकार्याने 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

मराठीतही काम करणारे होतेच. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ पासून मुंबईत आहे. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधले मराठी पाक्षिक सुरू केले. पण ब्रेल लहानपणी बोटांत बसते. सत्तरीत दृष्टी गेलेल्या शिक्षकाला ते शिकणे जड जाते. त्याला आवाजच हवा.

तर तो आवाज. फोनमध्ये मराठी आवाज बसवण्याआधी मी चुकून हिंदी आवाजानेच एक मराठी कथा लावली. लिपी एकच, म्हणून तो बिनदिक्कत वाचू लागला. त्याच्या तोंडी 'मूळ' आणि 'मूल' एक झाले, 'काळ' आणि 'काल' एक झाले. संवादातले 'केलं', 'सांगितलं' हे शब्द 'केलम्', 'सांगितलम्' होऊन बाहेर पडले, जणू गावातली सगळी माणसे संस्कृत बोलत होती. बाबा हसून हसून थकले. मग मराठी आवाज मिळाला आणि कथा मराठीत आली. तरी तोही अडतोच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन 'ज' आपण वेगळे उच्चारतो, लिहितो मात्र सारखेच. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा' यांचेही तेच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत तर न उच्चारायचे अनुस्वार जागोजागी असतात, आणि यंत्र ते इमानाने उच्चारते. बाबा म्हणाले, "चौथीतला पोरगा वाचतो तसं आहे. चालेल. चौथीतल्या पोरांचं ऐकण्यातच जन्म गेला."

म्हणजे आवाज चालण्याजोगा होता, कायदाही बाजूने होता. अडले ते तिसऱ्याच ठिकाणी.

बाबांना माझे पहिले भाषांतर वाचायचे होते. हिंदीतून केलेली ती कादंबरी छापून आली, तेव्हाच त्यांचे डोळे बिघडायला लागले होते. चाळीसेक पानांवर त्यांनी ती ठेवली होती. ई-पुस्तक निघाले नव्हते. मी प्रकाशकांकडे फाइल मागितली, त्यांनी तत्परतेने पीडीएफ पाठवली. पडद्यावर सुरेख मराठी दिसत होते. आवाज लावला, तर तो रोमन अक्षरे, टक्क्याचे चिन्ह, कंस असले काहीतरी बरळू लागला.

कारण समजून घ्यायला मला वेळ लागला. नव्वदच्या दशकापासून मराठी पुस्तके ज्या फॉन्टांत जुळली, त्यांतल्या बहुतेकांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवली होती. कागदावर 'घर' उमटले की काम झाले. संगणकाच्या लेखी तिथे 'घर' नव्हतेच. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण पाने लावायचे जे प्रोग्राम छापखान्यांत रुळले होते, त्यांना तिची अक्षरे जुळवता येत नसत. त्यामुळे सवय तशीच राहिली. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे आली, तोवर मराठी साहित्याचा मोठा साठा असा फक्त डोळ्यांसाठी साठवला गेला होता.

फॉन्ट बदलणारे प्रोग्राम आहेत. मी वापरून पाहिला, पण जोडाक्षरे इतकी विस्कटली की शेवटी पुस्तक समोर ठेवून टंकायला बसले. रोज तीनचार पाने. अडीच महिने लागले. प्रकरण पूर्ण झाले की बाबांच्या फोनवर टाकायचे.

पहिल्या प्रकरणानंतर त्यांनी मला बोलावले आणि एक वाक्य पुन्हा लावले. यंत्राने ते सपाट सुरात वाचले. "हे मराठी आहे?" बाबांनी विचारले. नव्हते. हिंदीची वाक्यरचना तशीच मराठी शब्दांत उतरली होती. मी ते वाक्य कार्यक्रमांत कितीदा वाचून दाखवले होते, आणि दर वेळी आवाजाच्या चढउताराने सावरून नेले होते. यंत्राला त्या वाक्याशी काही देणेघेणे नव्हते. अशी एकोणीस वाक्ये निघाली.

दुरुस्त फाइल मी अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दिली. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, हे एव्हाना पाठ झाले होते. प्रकाशकांनाही दिली, नव्या आवृत्तीसाठी. आता करारावर सही करताना मी एक अट घालते: पुस्तकाचा अंतिम मजकूर युनिकोडमध्ये जपून ठेवावा. खर्च काही नाही. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती घालावी असे मला वाटते, कारण आवाज देणारी यंत्रे दुसरे कोणी बनवील, पण त्यांना वाचता येईल असा मराठी मजकूर आपल्याशिवाय कोण देणार?

रात्रीचे वाचून दाखवणे आम्ही बंद केलेले नाही. आठवड्यातून एकदा बाबा मला बसवतात, बहुधा कविता वाचायला. ती यंत्राच्या तोंडी त्यांना सोसवत नाही. बाकीचे दिवस ते कानात इअरफोन घालून पडलेले असतात. मध्यरात्री पाणी प्यायला उठले, तर कधी त्यांच्या ओठांची हालचाल दिसते, कधी ते एखादे वाक्य मागे घेऊन पुन्हा ऐकत असतात. कुठले पुस्तक चालू आहे, ते कितव्या पानावर आहेत, काय गाळले आणि काय दोनदा ऐकले, हे आता मला माहीत नसते.