नजरअंदाज

नजरअंदाज : उभ्या पिकाकडे पाहून त्याच्या संभाव्य उत्पन्नाविषयी बांधलेला अदमास. महाराष्ट्राच्या महसूल व्यवहारात हंगामातील पिकांच्या प्राथमिक पैसेवारीस ‘नजरअंदाज पैसेवारी’ म्हणतात. हिंदीत हा शब्द ‘दुर्लक्षित’ या अर्थाने रूढ आहे. मराठी महसुली संज्ञेचा अर्थ जवळजवळ त्याच्या उलट आहे.

व्युत्पत्ती : ‘नजर’ हा शब्द अरबी असून ‘अंदाज’ फार्सी आहे. ‘फेकणे’ या अर्थाच्या ‘अंदाख्तन’ या फार्सी क्रियापदाशी त्याचे नाते असून ‘तिरंदाज’, ‘गोलंदाज’ हे शब्दही त्याच कुळातील होत. इंग्रजीतील ‘गेस’ हा शब्द सु. १३०० पासून आढळतो. तो स्कँडिनेव्हियन किंवा डच-जर्मन भाषांतून आला असावा आणि त्याचा मूळ संबंध ‘मिळविणे’ या अर्थाच्या ‘गेट’ या शब्दाशी जोडला जातो. ‘एस्टिमेट’ हा शब्द ‘मोल ठरविणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. या दोहोंच्या संयोगातून १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘गेस्टिमेट’ हा शब्द रूढ झाला. अपुऱ्या माहितीवर आधारलेला, तरीही आकड्यात मांडलेला तर्क, असा त्याचा आशय असून नजरअंदाज ही संज्ञा त्यास जवळची आहे.

इतिहास : ब्रिटिश अमदानीत पिकाची प्रत रुपयाच्या सोळा आण्यांच्या प्रमाणात सांगत, त्यावरून ‘आणेवारी’ हे नाव पडले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली व पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. पूर्वीचे आठ आणे म्हणजे पन्नास पैसे. गावाची अंतिम पैसेवारी पन्नासाहून कमी भरल्यास शेतसाऱ्यात सूट व अन्य टंचाई सवलती देण्याची प्रथा असल्याने या आकड्यास असाधारण महत्त्व आले.

गोंदिया जिल्ह्यातील स्थिती : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. धान हे येथील मुख्य पीक. विदर्भात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर व अंतिम डिसेंबरअखेर जाहीर करण्याची पद्धत आहे. सप्टेंबरात हलके धान पक्वतेकडे झुकलेले असते. भारी धानाची कापणी मात्र पुढे बऱ्याच दिवसांनी होते. दरम्यान परतीचा पाऊस अडला किंवा तुडतुड्यांचा प्रादुर्भाव झाला, तर हिरव्यागार बांध्याही हाती काही देत नाहीत. शिवाय एकाच गावात तलावाच्या पाण्यावरील व केवळ पावसावरील बांध्या शेजारी असतात. पैसेवारी संपूर्ण गावाची काढली जात असल्यामुळे भरल्या बांधीच्या सरासरीत शेजारची करपलेली बांधी झाकली जाते.

नजरेकडून मोजणीकडे : नजरेच्या अदमासातील दोष टाळण्यासाठी जे. ए. हबॅक यांनी बिहार व ओरिसात १९२३–२५ या काळात भातपिकाची यादृच्छिक नमुना कापणी केली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये, तर पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेमार्फत अशा सर्वेक्षणांस शास्त्रीय बैठक दिली. या पद्धतीत शेत व त्यातील तुकडा निवडण्याचे काम पाहणाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. नेमून दिलेल्या तुकड्यातील पीक कापून, मळून तोलले जाते. अंतिम पैसेवारीसाठी पीककापणी प्रयोगांतील उत्पन्नाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करतात. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, भूजल, मृदेतील ओलावा व वनस्पती निर्देशांक हे निकष पुढे आणल्याने दुष्काळ ठरविण्यातील पैसेवारीचे महत्त्व घटले. तथापि कापणीपूर्वी गावाच्या पिकाविषयी महसुली दप्तरात उमटणारा पहिला आकडा अद्यापि नजरेचाच असतो.