वर्दी उतरल्यानंतर : निवृत्त सैनिकाच्या दुसऱ्या आयुष्याचा मागोवा

इंग्रजी शब्दकोशात ‘डूलाली’ असा एक शब्द आढळतो. डोके फिरलेल्या, भ्रमिष्टासारख्या वागणाऱ्या माणसाविषयी बोलताना तो वापरला जातो. त्याचे मूळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत आहे, हे मात्र तो उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला गोऱ्या सैनिकांची मोठी छावणी होती. विलायतेहून आलेल्या तुकड्या प्रथम येथे मुक्काम करीत आणि नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथेच थांबत. जहाजे ठरावीक मोसमातच सुटत. मोसम हुकला की मुक्काम महिनोन्‌महिने लांबे. कवायत नाही, पहारा नाही, अंगावर कोणतीही जबाबदारी नाही, अशा अवस्थेत ही माणसे दिवस काढीत. त्यांपैकी काही दारूच्या आहारी जात, काही तुरुंगात पोहोचत, तर काहींचे मनच बिघडे. सैनिकांच्या बोलीत या विकाराला ‘देवळालीचा ताप’ असे नाव पडले. फ्रँक रिचर्ड्‌स या निवृत्त ब्रिटिश सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले आहे.

आम्ही पिंपळगाव बसवंतला राहतो. देवळाली आमच्याच जिल्ह्यात आहे. तोफखान्याच्या शिक्षणाचे केंद्र म्हणून आज ती देशभर ओळखली जाते. परंतु तिच्या नावावरून परक्या भाषेत गेलेला हा शब्द आम्हांला एका जुन्या प्रश्नाची आठवण करून देतो. रणांगणाने ज्यांना खचविले नाही, त्यांना रिकामपणाने का खचवावे? वर्दी उतरल्यानंतर सैनिकाने काय करावे, आणि समाजाने त्याच्यासाठी काय करावे? महाराष्ट्राने या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांचा मागोवा घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

मराठेशाहीत हा प्रश्न आजच्या स्वरूपात फारसा नव्हता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघावे आणि पावसाळ्यापूर्वी घरी परतून पेरणीला लागावे, हा अनेकांचा वर्षक्रम होता. नांगर आणि भाला एकाच घरात, पुष्कळदा एकाच हातात असत. १८१८ साली पेशवाई संपली, इंग्रजांचा अंमल स्थिर झाला आणि हा क्रम मोडला. कंपनीच्या पलटणीत भरती झालेला शिपाई बारा महिने पलटणीचाच असे. त्याच्या तारुण्याची वर्षे छावणीत जात आणि तो गावी परते तेव्हा जमीन भावाच्या हाती व गाव निम्मे अनोळखी, अशी त्याची स्थिती होई. निवृत्त सैनिकाचा प्रश्न कायमच्या पगारी फौजेबरोबर जन्माला आला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

सरकारने यावर पहिले उत्तर दिले ते निवृत्तिवेतनाचे. कोकणातील दापोली ही लष्करी छावणी होती. तेथे निवृत्त सैनिकांची मोठी वस्ती झाली. या वस्तीत महार समाजातील पेन्शनर बरेच होते. पेन्शन तुटपुंजी असे, पण पलटणीतून त्यांनी दुसरी एक मौल्यवान वस्तू बरोबर आणली होती, ती म्हणजे साक्षरता. ज्या समाजाला गावच्या शाळेचे दार बंद होते, त्याला लष्करी शाळेने अक्षरओळख करून दिली होती. गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले, दापोलीत राहिले आणि १८८८ साली त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. सैन्यातून परतलेल्या माणसाच्या हाती लेखणी आली तर काय घडू शकते, याचे हे महाराष्ट्रातील एक आरंभीचे उदाहरण होय.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे, परंतु त्याकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. सुभेदार रामजी सकपाळ हे महू येथील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते कुटुंबासह दापोलीला आले आणि पुढे साताऱ्याला गेले. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या कामावर रामजी रोखपाल होते. आयुष्यभर सैनिकांना व त्यांच्या मुलांना शिकविलेला सुभेदार उतारवयात दुष्काळी कामाच्या मजुरीचा हिशेब ठेवीत होता! त्यांना भेटायला निघालेल्या मुलांना स्टेशनवर व वाटेत जात समजताच काय सोसावे लागले, ते त्यांच्या धाकट्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. सुभेदाराच्या हुद्द्याला छावणीबाहेर किंमत नव्हती. तरीही त्या पित्याने मुलांच्या शिक्षणाचा आग्रह सोडला नाही. त्या आग्रहाचे फळ साऱ्या देशाने पाहिले.

इकडे १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरतीच थांबविण्यात आली. विशिष्ट जातीच तेवढ्या लढवय्या, असा तेव्हाच्या सेनाधिकाऱ्यांचा ग्रह झाला होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा एक मार्ग त्यामुळे बंद झाला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुढाकार घेऊन भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. सैन्यात, पोलिसांत व इतर सरकारी खात्यांत जागा मिळाव्यात, अशी त्यात मागणी होती. पहिल्या महायुद्धात गरज भासताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. गरज असेतो बोलावणे आणि गरज सरताच निरोप, हा अनुभव त्या घरांनी अशा रीतीने पुन्हा घेतला.

त्याच महायुद्धाने दुसरे एक उत्तर पुढे आणले. लढाईत हात, पाय किंवा डोळे गमावलेले हिंदी सैनिक मोठ्या संख्येने परत येऊ लागले. त्यांना केवळ पेन्शन देऊन घरी पाठविणे पुरेसे नव्हते. मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरी तंत्रशाळा सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली व आजही तेथे आहे. शिवणकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे धंदे तेथे शिकविले जात. या माणसाचा कोणता अवयव गेला, एवढेच न पाहता त्याच्या हातून अजून काय होऊ शकते, हे तेथे पाहिले जाई. पुनर्वसनाचा खरा विचार महाराष्ट्रात येथून सुरू झाला, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांच्या आसपास पोहोचली होती. युद्ध संपताच यातील बहुसंख्य लोक घरी परतणार, हे उघड होते. त्यांना कामधंद्याला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये सरकारने पुनर्वसन व रोजगाराचे स्वतंत्र खाते निर्माण केले आणि त्याच्या वतीने देशात कामे मिळवून देणारी केंद्रे उघडली. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांनाही त्यांचा लाभ देण्यात आला व १९४८ पासून ती सर्वांसाठी खुली झाली. आपल्या घरातील मुला-मुलींनी ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदविले, रांगा लावल्या, कार्डाचे नूतनीकरण केले, ते कार्यालय मुळात परतणाऱ्या सैनिकासाठी जन्मले होते. सैनिकासाठी उघडलेल्या दारातून पुढे साऱ्या समाजाला वाट मिळाली.

स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेला कायद्याचा व नियमांचा आधार मिळाला. ७ डिसेंबर हा दिवस १९४९ पासून ध्वजदिन म्हणून पाळला जातो व त्या निमित्ताने सैनिक कल्याणासाठी निधी जमविला जातो. संरक्षण खात्याचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीपूर्वीच सैनिकांना प्रशिक्षण देते. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. तसे ते आपल्या नाशिकलाही आहे. महाराष्ट्र शासनाच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. मॅट्रिक झालेल्या सैनिकाची १५ वर्षे सेवा झाली असेल, तर केंद्र सरकारच्या पदवीची अट असलेल्या ‘क’ गटाच्या जागांसाठीही त्याला पात्र मानता येते. २००२ साली महाराष्ट्रात माजी सैनिकांचे स्वतंत्र महामंडळ, मेस्को, स्थापन झाले. या गोष्टी अनेक कुटुंबांना उशिरा समजतात, म्हणून त्यांचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

इतके सारे असूनही बँकेच्या, इस्पितळाच्या, गृहसंकुलाच्या दाराशी पहारा देणारा माजी सैनिक हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर सहज उभे राहते. पहारा देण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु सैन्य म्हणजे केवळ बंदूक नव्हे. तेथे कोणी रणगाडा दुरुस्त करतो, कोणी बिनतारी यंत्रणा सांभाळतो, कोणी जखमींची शुश्रूषा करतो, कोणी हजारो माणसांच्या शिधासामग्रीचा हिशेब ठेवतो. डिस्चार्ज बुकात या विद्येची नोंद असते, पण ते पुस्तक वाचून माणसाची पारख करणारा मालक विरळा. सामान्य जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्याच वयात वाढतो. अशा वेळी आपल्या हातातील कौशल्य सोडून केवळ देहयष्टीवर त्याची किंमत ठरावी, ही त्याची व समाजाचीही हानी आहे.

ज्यांना योग्य जागा सापडली, त्यांनी काय केले ते पाहावे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. त्यांनी पोहण्याची कास धरली आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. पुढे पुण्याच्या टेल्कोत त्यांनी नोकरी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७५ साली सैन्यातून परतलेले अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धी या दुष्काळी गावात श्रमदानाने पाणी अडविण्याचे काम उभे केले. लष्करातील शिस्त गावाच्या बांधबंदिस्तीला उपयोगी पडली. आणि वाचकांना परिचित असलेले संत कमिलस तरी कोण होते? सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या फौजेतील एक सैनिक. पलटण मोडली, जुगारात सर्वस्व गेले, पायाची जखम बरी होईना. पोटासाठी त्यांनी बांधकामावर मजुरी केली. रोमच्या ज्या इस्पितळात ते उपचारासाठी गेले, तेथेच पुढे रुग्णांची सेवा करू लागले. रुग्णसेवेला वाहिलेला एक संघ त्यांनी स्थापिला. सैनिकाच्या कणखर हातांना शुश्रूषेचे काम मिळाले, तेव्हा त्या भटकणाऱ्या माणसाला आपली जागा सापडली.

हा सारा इतिहास आजच आठवण्याचे कारण आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने सैन्यसेवेची मुदत चार वर्षांवर आणली आहे. सुरुवातीच्या नियमानुसार साडेसतरा ते एकवीस वर्षांचे तरुण भरतीस पात्र होते. मुदतीनंतर त्यांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश कायम होणार व बाकीचे सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परतणार. त्यांना निवृत्तिवेतन नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, परंतु सर्वच त्यांत सामावतील असे नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या प्रारंभी पुरी होतात. पूर्वी गावाकडे चाळिशीतला पेन्शनर येई, आता बावीस-तेवीस वर्षांचा तरुण येणार. त्याच्या बरोबरीचे मित्र तोवर पदवीधर झालेले असतील किंवा द्राक्षबागेत जम बसवून असतील.

या तरुणाला सत्काराच्या हारापेक्षा एका प्रश्नाची अधिक गरज आहे : तुला काय येते? तो सुट्टीवर आला असतानाच घरच्यांनी हा विषय काढावा. कोणते प्रशिक्षण झाले, कोणता दाखला मिळेल, कोणती परीक्षा बाहेरून देता येईल, याची नोंद करावी. सेवानिधी हाती पडण्यापूर्वीच त्याचा विनियोग ठरवावा, कारण लग्नात किंवा नव्या गाडीत उडालेला पैसा पुन्हा मिळत नाही. आपल्यापैकी ज्यांचे कारखाने, दवाखाने, शाळा, वर्कशॉप आहेत, त्यांनी माजी सैनिकाला दाराशी उभे करण्यापूर्वी त्याचे डिस्चार्ज बुक एकदा उघडून पाहावे.

दापोलीच्या पेन्शनरांना अक्षरांनी तारले, खडकीच्या जखमी जवानांना हातातल्या कसबाने. पैसा दोन्हीकडे अपुराच होता. देवळालीच्या छावणीत मात्र जेवण होते, निवारा होता, फक्त करायला काही नव्हते, आणि त्या एका उणिवेपायी आमच्या जिल्ह्यातील एका गावाचे नाव वेडाचा पर्याय होऊन बसले. आमच्या तालुक्यातून गेलेली मुले परत येतील, तेव्हा त्यांच्या वाट्याला असा रिकामा मुक्काम येऊ नये.